तेल पाजलेल्या काठ्या

आमच्या सासूबाईंचा गुडघा बदलला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून त्यांना खुर्चीत बसवायचं ठरवलं. पण बसेल ती बाई कसली! "डेपोत तिकिटं फाडत जन्मभर बसूनच होते, आता नाही बसायची," म्हणाल्या, आणि ट्रेकिंगच्या दोन काठ्या घेऊन आल्या. एकात एक सरकणाऱ्या नळ्या. हव्या तेवढ्या ओढायच्या आणि पिळून घट्ट करायच्या. चढाला आखूड, उताराला लांब. मग काय, दर रविवारी डोंगर.

गेल्या रविवारी उतारावर उजवी काठी भार टाकताच आत गेली आणि सासूबाई तोंडावर आपटल्या. हनुवटीला टाके पडले. झालं! आमच्या ह्यांना आयतं कोलीत मिळालं. "आई, डोंगर बंद. आता वय झालं तुझं," म्हणत त्यांनी काठ्या माळ्यावर फेकल्या.

आज सकाळी सासूबाई स्वतः स्टुलावर चढल्या. स्टूल मी धरलं, का नाही धरणार? काठ्या खाली काढून त्यांनी ओट्यावर नळ्या सुट्या केल्या, तर बोटं ओशट.

"हे कुणाचे प्रताप?"

मामंजींनी पेपर खाली केला. बिजागरी असो, सायकल असो, त्यांच्या तेलाच्या बुधलीतून या घरात काहीच सुटत नाही. "गंज चढू नये म्हणून जरासं..."

"अहो, अ‍ॅल्युमिनियमला कसला डोंबलाचा गंज! पिळलं की आतलं बूच फुगून नळीला धरतं. तेल पाजल्यावर ते धरेल कशाला? खडकांवर आपटून काठ्यांना साधा पोचा आला नाही, आणि तुम्ही घरात बसून त्यांचा निकाल लावलात!"

साबणाच्या पाण्याने त्यांनी नळ्या धुतल्या, बूच पुसलं, सगळं कोरडं केलं, पिळलं आणि लेकाला हाक मारली. "ये, टाक भार."

ह्यांनी पोटासकट सगळा भार टाकला. काठी तसूभर हलली नाही.

"काठी धड आहे, गुडघा धड आहे. आता माझं काय काढतोस?"

"आणि परत पडलीस तर?"

"पडले तर उठेन. तुम्ही एकदा बसवलंत, की मग उठणं संपलंच माझं."

हनुवटीवरच्या पट्टीसकट त्यांनी बूट चढवले आणि दोन हातांत दोन काठ्या घेतल्या. हे माझ्याकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं. "दार उघडा. त्यांचे दोन्ही हात गुंतलेत."