पहार लागलेला झिरा

ये गं, इकडे सरक. उंबऱ्यावर काय बसतेस पाहुण्यासारखी? आणि आधी हे सांग, किती महिने झाले तुला येऊन? फोनवर नुसतं "येते, येते" करतेस आणि खोडाळ्याच्या बाजारातूनच परत फिरतेस. मला कळतं बरं सगळं, बोंबीलवालीच सांगते. आता तू इथे नाहीस हे मलाही दिसतंय, मी कागदावर लिहितेय. पण समोर माणूस असल्याशिवाय मला बोलता येत नाही, मग लिहिता तरी कसं येणार? म्हणून तू बसली आहेस असं धरते. ऐक.

हे असं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. आमचे हे होते तेव्हा त्यांना अर्धं ठाऊक होतं. उरलेलं अर्धं माझं एकटीचं.

मागे एकदा तू उन्हाळ्यात आली होतीस, आठवतं? ओट्यावर आपण वरईचे पापड घालत होतो. एक बाई हंडा घेऊन आली, चढणीनं धापा टाकत. हंडा ठेवला, पदरानं तोंड पुसलं, "काकू, गाळून घ्या" म्हणाली आणि गेली. तू विचारलंस, "ही कोण गं तुमची?" मी म्हटलं, "खालच्या पाड्यातली जानकी. माया आहे तिची माझ्यावर." आणि तुझ्यापुढे चहा सरकवला.

माया — हा शब्द कसा निघाला माझ्या तोंडातून?

आता नीट सांगते. थांब जराशी, एकदम नाही जमायचं.

आमचं घर तू पाहिलंयस. वरचा पाडा, सूर्यमाळच्या रस्त्याला लागून. टेकाडावर टाकी, टाकीपासून आमच्या चार घरांना नळ, आणि आमच्या अंगणाखालून लोखंडी पाइप. हे तालुक्याला कारकून, म्हणून नळ आमच्याकडे आधी आला. खालच्या पाड्याला नळ नव्हता, अजूनही नाही. तिथल्या बाया होळी झाली की दरीतल्या विहिरीवर जायच्या. उतरताना गुडघे दुखतात आणि चढताना छाती, अशी ती वाट.

मग एका उन्हाळ्यात खालच्या पाड्याच्या डोक्यावर, आमच्या उताराच्या पायथ्याशी, दगडाच्या फटीतून पाणी पाझरायला लागलं. बायांनी हातानं माती काढली, बशीएवढा खळगा केला. वाटीवाटीनं भरलं की हंडा भरायचा. झिरा लागला, झिरा लागला — काय आनंद झाला होता. दगडाला हळदकुंकू लावलं. पुढच्या उन्हाळ्यातही तो टिकला. बाया तिथे बसून गप्पा मारत वाट्या भरायच्या. मीही जाऊन बसायची. मला घरी नळ होता तरी जायची, गप्पांसाठी.

जानकी तेव्हा नवी सून. माहेर वावर गावाकडचं, पाण्यासाठी पाय झिजवूनच मोठी झालेली. हसरी, कामाला आडमाप. तिला वाटलं, वाटीवाटीनं कशाला? खळगा खोल केला तर हंडाच बुडेल. नवरा रस्त्याच्या कामावर होता, घरात पहार होती. कुणाला न विचारता एका दुपारी ती पहार घेऊन बसली आणि खडकाची कड फोडली. सगळ्यांना सुख व्हावं म्हणून केलं गं तिनं.

आमच्याकडे झिऱ्याला लोखंड लावत नाहीत. खडकाला घाव बसला की पाण्याची शीर तुटते, पाणी दुसरीकडून निघून जातं. हे काही उगाच नाही, पुष्कळदा खरंच तसं होतं.

त्याच आठवड्यात — आता बघ, मी किती वेळ इकडेतिकडे फिरतेय.

त्याच आठवड्यात आमचा पाइप दुरुस्त झाला. नळाची धार बरेच दिवस करंगळीएवढी येत होती. न्हाणीमागची जमीन कायम ओली, ऐन उन्हात तिथला अळू हिरवागार. ह्यांनी खोडाळ्याहून नळाचं काम करणारा माणूस आणला. त्यानं खणलं तर पाइप खालच्या अंगानं सडलेला, बोट जाईल एवढं भोक. सडका तुकडा कापून त्यानं नवा जोडला, माती लोटली आणि चहा पिताना म्हणाला, "वहिनी, सगळं पाणी उताराला चाललं होतं तुमचं. खाली कुणाचं तरी उन्हाळी भात पिकलं असेल."

मी हसले. तेव्हाच डोक्यात आलं का? आलं. खोटं कशाला बोलू.

झिरा आटला. खळगा आधी चिखलाचा झाला, मग नुसती ओल, मग तीही गेली. आणि सगळ्यांनी पहारीकडे बोट दाखवलं.

रात्री ह्यांना सांगितलं, तो झिरा आपला पाइप होता म्हणून. ते म्हणाले, "गप्प बस. दोन उन्हाळे कारकुनाच्या घरचा पाइप गळत होता आणि टाकी रिकामी होत होती, असं झालं तर नळ तोडतील आपला." मी गप्प बसले.

इतकी वर्षं मी मनात असंच म्हणत आले — मी गप्प बसले. ह्यांनी गप्प बसवलं म्हणून बसले. एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

पण तसं नाही. मी गप्प बसले नाही. मी बोलले.

झिऱ्यापाशी सगळ्या जमल्या होत्या. मलाही बोलावलं, कारण मी सातवी शिकलेली, कारकुनाची बायको, माझ्या शब्दाला मान. जानकी एका बाजूला उभी, हाताला पहारीचे फोड. तिची सासू रडत होती. खालच्या पाड्यात सगळ्यांत थोरली भिमीआजी, तिनं मला विचारलं, "बाई, तुम्हीच सांगा. कशानं गेलं पाणी?" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. जानकीसुद्धा. तिला वाटत असेल, ही काकू काहीतरी बरं बोलेल.

मी म्हटलं, "लोखंड लावलं की शीर तुटते. नवीन पोर आहे, तिला काय कळणार."

पोर आहे, असंही म्हटलं मी. जसं काही तिची बाजूच घेतली. कुणी विचारलं नसतं तर मी बोलले नसते का? ते मला माहीत नाही. विचारलं आणि बोलले, एवढं माहीत आहे.

मग काय, बाया पुन्हा दरीच्या वाटेला लागल्या. कुणी जानकीला मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही. आमच्या माणसांत तसं नसतं. पण तिला पहारवाली हे नाव पडलं. "पहारवाली आली गं, भांडी सांभाळा, बूड फोडील." हळदीला बाया गाण्यात नावं गुंफतात ना, तिथेही तिच्या नावापुढे पहार यायची. ती हसायची. तिच्या लेकीच्या हळदीलाही तेच गायल्या. तेव्हाही हसली, मग उठून चुलीपाशी गेली. मी मांडवातच बसले होते. टाळ्या वाजवत होते का? असेन.

आणि तिनं आपणहून एक लावून घेतलं. पाड्यातल्या म्हाताऱ्यांना, दरीत उतरवत नाही अशांना, ती पाणी आणून द्यायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणायची, "मी तोडलं, तर मीच आणते." एका उन्हाळ्यापुरतं असेल असं वाटलं मला. ते थांबलंच नाही.

हे गेले, माझे गुडघे गेले. एप्रिल लागला की टाकी आटते, नळ नुसता शिट्टी मारतो. एके दिवशी बघते तर ओट्यावर हंडा. "काकू, तुम्हीपण आता म्हाताऱ्यांत आलात," म्हणून जानकी खो खो हसली. त्या दिवशी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण घसा कोरडा होता, आधी पाणी प्यायले. मग राहून गेलं. दर उन्हाळ्यात असंच — आधी पाणी प्यायले, मग राहून गेलं.

तू आलीस तेव्हाचं पाणीही तेच. तुझ्याही पोटात गेलं ते, तुला काही ठाऊक नसताना.

यंदा होळीच्या आधी न्हाणीमागे पुन्हा ओल आली. अळू तरारला. मी काठी टेकत रोज बघायची आणि कुणाला बोलायची नाही. आणि मग एका सकाळी जानकी धावत आली. या वयात धावत. दोन्ही हात ओले, ते माझ्यापुढे धरले. "काकू, झिरा आला. माझ्यानं नव्हती तुटली शीर. बघा, आला तो."

मी तिचे हात बघितले. काय म्हणाले असेन? "बरं झालं गं," म्हणाले.

भिमीआजी आता पार वाकली आहे, पण तीसुद्धा तिथे गेली आणि म्हणाली, "पहिला हंडा हिचा." पाड्यातल्या बायांनी तिला पहिला हंडा भरू दिला. पहारवाली म्हणायचं थांबलं, आपोआप. जानकी ताठ चालायला लागली — तू म्हणशील, काकूला असं वाटलं असेल. नाही गं, खरंच. खांदे वेगळे दिसायचे तिचे. मी मनात म्हटलं, राहू दे गळत. कुणाचं काय जातं? माझं मेलीचं नशीब, एका भोकानं दोघींची सोय झाली.

मग मुलगा आला जव्हारहून. ऑफिसला सुट्टी होती. त्यानं ओल बघितली आणि चिडला. "आई, टाकी तळाला गेलीय आणि तू गप्प? लोखंडी पाइप काढूनच टाकू, काळा प्लॅस्टिकचा टाकू सबंध." पाइपाचं भेंडोळं घेऊनच आला दुसऱ्या दिवशी, आणि खणायला दोघं. मी काय सांगणार त्याला? नको टाकू म्हणून?

ते खणायला लागले आणि मला उभंच राहवेना. संध्याकाळी गळणारं पाणी बंद होईल. चार दिवसांत खालचा खळगा कोरडा. आणि जानकीनं गेल्याच आठवड्यात तो साफ केला होता, नारळाच्या करवंटीनं, लोखंड लागू नये म्हणून. तरी म्हणतील, हिनं पुन्हा हात लावला. पुन्हा तीच. या खेपेला तर ती स्वतःच म्हणेल, माझ्या हातातच काहीतरी वाईट आहे. आणि मला विचारायला येतील — बाई, तुम्हीच सांगा.

काठी घेतली आणि उतरले. बसत, उठत. झिऱ्यावर पाच-सहा जणी होत्या. भिमीआजी दगडावर बसलेली. मला बघून म्हणाली, "बाई, गुडघे विकत आणले का नवीन?" सगळ्या हसल्या. जानकीनं वाटी खाली ठेवून मला हात दिला, बसवलं.

मी बसूनच बोलले. म्हटलं, "हे पाणी माझ्या अंगणातल्या फुटक्या पाइपाचं आहे. त्या वर्षीही तेच होतं. पाइप जोडला म्हणून झिरा आटला होता, पहारीनं नाही. आज पुन्हा जोडतायत. हेही जाईल."

भिमीआजी म्हणाली, "ऊन लागलं बाईला. पाणी पाजा गं कुणीतरी." कुणी हसलं नाही.

जानकी वाटीत बघत होती. तशीच बघत म्हणाली, "तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं, काकू?"

"हो."

"शीर तुटते म्हणालात, तेव्हा?"

"हो."

तिनं वाटीतलं पाणी खळग्यात परत ओतलं. चुंभळ डोक्यावर ठेवली, अर्धाच भरलेला हंडा उचलला आणि गेली. तिच्या मागे एकेक करून बाकीच्याही उठल्या. भिमीआजी तेवढी बसून राहिली, तिला उठवायला कुणी थांबलं नाही म्हणून. आम्ही दोघी म्हाताऱ्या, आणि मधे तो खळगा भरत होता, शेवटचा.

मुलाला मी म्हटलं, खालच्या पाड्याला एक नळ काढून दे. तो म्हणाला, परवानगी लागते, अर्ज करतो. केला की नाही ठाऊक नाही. हे मी बोलले ते माझ्या चांगुलपणात धरू नकोस. झिरा आटून बरेच दिवस झाले. टाकीही आटली. काळा पाइप नवा कोरा आहे, त्यातून वारा येतो.

जानकी अजून म्हाताऱ्यांना पाणी आणते. मला वाटलं होतं, आता थांबेल, आता तिच्यावर काही नाही. थांबली नाही. माझ्या ओट्यासमोरून चढून पुढे शेवटच्या घरी जाते, हंडा देते, परत उतरते. इकडे बघत नाही. मी रस्त्यावरच्या हापशीवरून कळशी आणते, अर्धी, उन्हाळ्यात तेवढंच येतं तिला. मधे सागाखाली टेकते. तिला जाताना दिसत असेन. ती थांबत नाही, आणि ते बरोबर आहे.

हे सगळं वाचून मला काही कळवू नकोस. बरं म्हणू नकोस, वाईटही म्हणू नकोस. फक्त ये. खालच्या वाटेनं ये, त्या वाटेवर आधी जानकीचं घर लागतं. ही कोण गं तुमची, म्हणून विचारलं होतंस ना — आमची कुणी नाही ती. तिच्याकडे जरा बस. मग सावकाश वर ये. घरात पाणी असेल, मी आणलेलं, थोडंच, पण असेल. लवकर ये.