न पाहिलेल्या बोर्डावरची सही

"तू तिथंच थांब. आत नको येऊस. बाहेरूनच सांग, कोणता चार्जर घ्यायचा ते."

बाई दारात उभ्या होत्या. मी व्हरांड्यात. बूट मी आधीच काढून ठेवले होते आणि एक पाय उंबऱ्याच्या आत गेला होता. तो मी मागे घेतला. मे महिना, दुपारचे बारा. व्हरांड्याची फरशी तव्यासारखी तापलेली. मोज्यांतून चटके बसत होते, पण बूट परत घालायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी हिंमत झाली नसती.

दोन मिनिटांपूर्वी त्याच बाई हसत म्हणाल्या होत्या, "अरे वा, मुलगी आली! ये ना." मग विचारलं, "नाव काय गं?" मी नाव सांगितलं. "नाही, पूर्ण?" मी आडनाव सांगितलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. हसू तसंच होतं. हात तेवढा दाराच्या चौकटीवर गेला आणि वाट बंद झाली.

जात कोणी काढली नाही. आजकाल काढत नाहीत. आडनाव विचारलं की काम होतं.

मी आयटीआय केलेली वायरमन आहे. परवाना माझ्या नावाचा आहे. घरी चार्जर बसवून देणाऱ्या एका दुकानात नोकरीला होते. ज्यांनी बॅटरीची गाडी घेतली त्यांच्या घरी जायचं, बोर्ड पाहायचा, अर्थिंग मोजायचं आणि कोणता चार्जर चालेल ते सांगायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं हे फ्रीज घेण्यासारखं आहे. तसं नसतं. छोटा चार्जर भिंतीतल्या जाड पिनच्या सॉकेटात लागतो, रात्रभर हळूहळू गाडी भरतो. मोठा भिंतीवर बसतो, त्याला मेन बोर्डापासून वेगळी केबल लागते. दोन्हींना एक गोष्ट पक्की पाहिजे. अर्थिंग. म्हणजे चुकून करंट फुटला तर तो माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जाईल अशी वाट. ती वाट नसेल तर कोणताच चार्जर चांगला नाही.

मला करंटची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून. वर्गात मी एकटी मुलगी, सगळे हसायचे. सर मात्र म्हणाले होते, "भीती वाटते तर दोनदा तपास." मी आजही दोनदा तपासते.

त्या घरी एकदाही तपासलं नाही.

बाईंनी दारातूनच सांगितलं होतं, त्यांचा मेन बोर्ड देवघराच्या बाजूच्या बोळीत होता. अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात, स्वयंपाकघरातून जावं लागे. मी बाहेरूनच म्हटलं, "मॅडम, बोर्ड पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही." तेवढ्यात साहेब आले. मोठे सरकारी अधिकारी होते, आता निवृत्त. आवाज शांत. शांत आवाजाची मला जास्त भीती वाटते.

"आमचा जुना वायरमन आहे. त्यानं सगळं पाहिलंय. तू फक्त सांग, छोटा की मोठा?"

"मोठा घ्यायचा तर आतून केबल ओढावी लागेल, साहेब. मला आत..."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान थोडी हलवली.

"मग छोटाच द्या," साहेब म्हणाले. "गॅरेजमध्ये सॉकेट आहे, तेही आमच्या वायरमननं पाहिलंय, तिथं जायची गरज नाही."

त्या घरात कोणता चार्जर बसेल हे त्यांच्या गाडीवरून ठरलं नाही, वायरिंगवरूनही नाही. मी आत जायचं की नाही, यावरून ठरलं.

बाईंनी ड्रायव्हरला पाणी आणायला सांगितलं. शामरावभाऊ त्याचं नाव. खापा गावाकडचा माणूस, गावी भाऊ शेती करतो, हा इथं वीस वर्षांपासून याच घरी. त्यानं कागदी कपात पाणी आणलं. तो स्वतः मघाशी गॅरेजजवळ स्टीलच्या पेल्यातून पाणी पिताना मी पाहिला होता. कप माझ्या हातात न देता त्यानं कठड्यावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी ते पाणी प्यायले. तहान लागली होती.

मग रिपोर्टचा कागद. साहेबांनी स्वतःचा पेन दिला नाही, माझाच काढायला लावला. रकाना होता: अर्थिंग तपासले, होय की नाही. मी थांबले. साहेब म्हणाले, "काय अडचण आहे? तुझ्या मॅनेजरशी बोलू का?"

माझी नोकरी नवी होती. कायम व्हायला सहा महिने पूर्ण व्हायचे होते. मी 'होय'वर खूण केली. बाजूला मोजलेला आकडा लिहायचा असतो. तोही लिहिला. मनानं. खाली सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट.

सही वाकडी आली.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आई घरीच होती. तिनं धंतोलीतल्या एका दवाखान्यात आयाचं काम केलं, आयुष्य तिथंच गेलं. मी तिला सांगितलं. सगळं नाही, दाराचं आणि पाण्याचं सांगितलं. तिला राग येईल असं वाटलं होतं. ती कूलरमध्ये पाणी टाकत होती. म्हणाली, "अन् सही काहून केली वं?"

"तुला कसं कळलं?"

"त्याशिवाय सोडलं असतं काय तुले त्यायनं?"

ती म्हणाली, "वाचलं नव्हतं काय?"

"मीच लिहिलं, आई."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचं ते पाहणं मला त्या दारापेक्षा जास्त लागलं.

दोन दिवसांनी फिटर जाऊन छोटा चार्जर लावून आले. तिसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. चार्जरवर लाल दिवा येतो, गाडी चार्ज होत नाही. लाल दिवा म्हणजे चार्जरला अर्थिंग मिळत नाही. यंत्राला कळलं होतं. त्याला धमकावून सही करून घेता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी जायची तयारी करत होते, तर मॅनेजर म्हणाला, "राहू द्या ताई. त्यांच्या वायरमननं ठीक केलं म्हणे. आता हिरवा दिवा आहे."

उन्हाळ्यात जमीन सुकते तसं अर्थिंग आणखी बिघडतं, आपोआप सुधारत नाही. एका दिवसात हिरवा दिवा आणायचा एकच सोपा मार्ग आहे आणि तो सगळ्या वायरमन लोकांना माहीत आहे. सॉकेटच्या आत न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, तार अर्थिंगच्या पिनेला जोडून टाकायची. चार्जर फसतो. त्याला वाटतं अर्थिंग आहे. गाडी चार्ज होते. पण ती न्यूट्रल कुठं सैल झाली, तुटली, की करंट सरळ गाडीच्या पत्र्यात येतो. मग पत्र्याला हात लावणारा माणूसच करंटची जमिनीकडे जायची वाट होतो.

मला हे माहीत होतं. त्याच मिनिटाला माहीत होतं. मी म्हणाले, "बरं." आणि खुर्चीवर बसले.

हे मी लपवणार नाही. त्यांनी मला दारात थांबवलं, ते त्यांचं. त्यानंतर मी बसून राहिले, ते माझं.

पुढचे पाच दिवस मी फोनला घाबरत होते. फोन वाजला की आधी नंबर पाहायचे. डोळे मिटले की ओल्या फरशीवर पडलेला माणूस दिसे, त्याला तोंड नसे. वाटायचं, जाऊन सांगावं. मग ते दार आठवायचं. मॅनेजर आठवायचा. परवाना जाईल हे आठवायचं. मी स्वतःला म्हणायचे, कदाचित त्यांनी खरंच नवीन खड्डा घेतला असेल. मला माहीत होतं, घेतलेला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी फोन आला. अनोळखी नंबर.

"मॅडम, मी शामराव बोलून राहिलो. साहेबाचा ड्रायव्हर. रिपोर्टवर तुमचा नंबर होता."

"काय झालं?"

"गाडी धुऊन राहिलो होतो. चार्जिंगले लागलेलीच होती. दरवाज्याले हात लावला अन् फेकलंच मले. कोपर फुटलं. हात अजून थरथर करते. मॅडम, गाडीत करंट हाय काय?"

"हात नका लावू! कुणालाच लावू देऊ नका. मी येते."

स्कूटरवर जाताना माझे दात वाजत होते. उन्हात. पण त्या भीतीत एक हलकंपणही होतं आणि त्याची मला लाज वाटली. तो जिवंत होता. मला अजून एक संधी होती.

फाटकातून मी सरळ गॅरेजकडे गेले. गॅरेजचा स्विच बंद केला, टेस्टरनं दोनदा तपासलं, रबरी हातमोजे घातले आणि सॉकेट उघडलं. आत काळी तार होती, बोटभर लांब. न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेवर. आणि न्यूट्रलचा स्क्रू सैल, बाजूचं प्लास्टिक जळून तपकिरी झालेलं. मी फोटो काढले. मग तार काढली.

बाई व्हरांड्यात आल्या. "तू कुणाला विचारून आलीस?"

मी उत्तर दिलं नाही. सॉकेटचं झाकण परत लावलं. शामरावभाऊ बाकावर बसून होता, कोपराला फडकं. यावेळी तो माझ्याकडे बघत होता.

त्याच दिवशी दुपारी दुकानात बोलावणं आलं. मॅनेजरच्या खोलीत साहेब खुर्चीवर बसलेले. शामरावभाऊ भिंतीशी उभा. टेबलावर माझा रिपोर्ट. ती वाकडी सही मला दारातूनच दिसली.

साहेब म्हणाले, "अर्थिंग तपासलं असं तू लिहून दिलंस. आकडासुद्धा टाकलास. उद्या प्रकरण वाढलं तर कोण अडकेल?"

"मी," मी म्हटलं.

"समजतंय ना? मग ऐक. यानं ओल्या हातानं चालू प्लग काढला. चूक याची. तू तसा रिपोर्ट दे. तूही सुटशील, दुकानही सुटेल."

मॅनेजर हळूच म्हणाला, "ताई, समजून घ्या. दवाखान्याचा खर्च साहेब देतात म्हणाले. कुणाचंच नुकसान नाही."

शामरावभाऊ खाली पाहत होता. या माणसानं माझा कप कठड्यावर ठेवला होता. आता त्याची मान माझ्या पेनाखाली होती. मला दिसलं की साहेब मला एक जागा देऊ करत होते. त्यांच्या बाजूची. आजच्यापुरती. किंमत एवढीच, की माझ्यापेक्षाही कमजोर माणसाला पुढे ढकलायचं. मी ते केलं असतं तर त्यांना परत कधी माझं आडनाव विचारावं लागलं नसतं. मी आपोआप त्यांच्या कामाची झाले असते.

मी टेबलाला धरलं.

"नाही लिहिणार."

"काय?"

"यांनी प्लग काढला नाही. दरवाजाला हात लावला. मी फोटो काढलेत. अन् ते अर्थिंग मी तपासलंच नव्हतं. तुम्ही मला घरात येऊ दिलं नाही. आकडा मी खोटा लिहिला. आता हेच लिहिते."

साहेबांचा शांत आवाज पहिल्यांदा फाटला. "तुम्हा लोकांना कामावर ठेवलं की हेच होतं!"

आलं बाहेर. मी दचकले, पण आश्चर्य वाटलं नाही.

मी कोरा कागद घेतला आणि उभ्यानंच लिहिलं. बोर्डापर्यंत मला जाऊ दिलं नाही. आडनाव विचारून दारात थांबवलं. तरी मी सही केली, ती माझी चूक. सॉकेटात न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले आढळले. लिहिताना रडू येत होतं, अक्षरं फिसकटली, पण एकही ओळ खोडली नाही. झेरॉक्स काढून एक प्रत मॅनेजरपुढे ठेवली. दुसरी विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात देऊन, पोच घेऊन घरी गेले.

महिना संपायच्या आत दुकानानं मला काढलं. शामरावभाऊलाही कामावरून कमी केलं. त्याचा फोन आला. मला वाटलं आभार मानेल.

"माह्यी नौकरी गेली मॅडम तुमच्यापायी. तुम्ही गप राह्यल्या असत्या तर खर्च भेटला असता मले."

"अन् उद्या दुसऱ्यांदा फेकलं असतं तर?"

तो म्हणाला, "मले समजते. पण पोट हाय ना." फोन ठेवला. मला त्याचा राग आला नाही. त्याचं बरोबरही वाटलं नाही.

चौकशी सुरू आहे. माझा जबाब झाला. त्यात गुन्हा कबूल करणारी मीही आहे, त्यामुळे परवाना निलंबित होऊ शकतो. दाराचं वेगळं आहे. आडनाव विचारून दारात अडवल्याची तक्रार मी पोलिसांत दिली आहे, वकीलबाई म्हणतात साक्षीदार पाहिजे. साक्षीदार एकच आहे आणि तो खाप्याला परत गेला आहे. मी त्याच्याकडे जाणार आहे. तो नाही म्हणाला तर पुन्हा जाईन.

भीती गेलेली नाही. आमच्या घरापुढं अनोळखी गाडी थांबली तरी मी खिडकीतून दोनदा पाहते. आई म्हणते, "मोठे लोक हायेत वं, सांभाळून राहा." मी सांभाळून राहते. पण तक्रार मागे घे म्हणून दोनदा निरोप आले, तेव्हा दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. कापत सांगितलं. जबाबातला एक शब्द बदलणार नाही. परवाना गेला तर पुन्हा परीक्षा देईन. सुनावणीची तारीख लागली की सकाळी सगळ्यात आधी मी तिथं हजर असेन.