बाबांनी मोडलेला बहिष्कार

माझे वडील अहिंसावाले होते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे अतिरेक्यांना माफ करा म्हणायचे ना?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू असतं आणि ते पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नाही हो, तसं नव्हते म्हणत. काय म्हणत होते ते ऐकायला मात्र कोणी थांबत नाही, म्हणून शेवटी हे लिहायला बसले.

आमचं गाव मुंबईच्या उत्तरेला, नंदाखालच्या पलीकडे, केळी आणि नारळाच्या बागांचं. घरात आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, गावासाठी ते भाऊ होते. गावचे सरपंच आणि एका छोट्या पक्षाचे तालुकाध्यक्ष. पक्ष किती छोटा, तर तालुक्याची सभा आमच्या ओसरीवर भरायची आणि आई म्हणायची, अजून दोन पाट रिकामेच आहेत. युद्ध नको, शस्त्र नको, कोणावर हात उचलायचा नाही, ही त्या पक्षाची शिकवण. बाबांनी ती भाषणापुरती ठेवली नव्हती. विहिरींचं पाणी उपसून टँकरने विकायला सुरुवात झाली आणि बागा सुकायला लागल्या, तेव्हा ते टँकरपुढे आडवे झाले. लाठीने त्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ते नीट जुळलं नाही, त्यामुळे पुढे आयुष्यभर त्यांचा सदरा एका बाजूने उतरलेला दिसायचा.

टँकर खरे थांबले ते बहिष्काराने. गावातलाच एक बागायतदार पाणी विकत होता. बाबांनी सभा घेऊन सांगितलं, "बोलणं बंद, देणंघेणं बंद, आणि अंगाला हात लावायचा नाही." गावाने ते पाळलं. त्याच्या केळीचे लोंगर, म्हणजे घड, उतरवायला मजूर मिळेना, त्याच्या घरच्या साखरपुड्याला कोणी जाईना. तो चिडला, रडला आणि एक दिवस पंप काढून सरळ आमच्या दारात येऊन उभा राहिला. बाबांनी त्याला तिथेच जेवायला बसवलं. गावाला याचा फार अभिमान होता. कुठे चार माणसं जमली की ही गोष्ट निघायची आणि दर वेळी ती थोडी लांबायची.

मग काही वर्षांनी मुंबईत स्फोट झाले. आमच्या बागेला लागून काकींची बाग. त्यांचा एकुलता एक मुलगा मुंबईत नोकरीला होता. तो परत आला नाही. बाबांनी त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली होती. त्याचा देह ओळखायला बाबाच गेले. परत आले ते थेट विहिरीवर गेले आणि कितीतरी वेळ डोक्यावर पाणी ओतत बसले.

शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. मी त्याच शाळेत शिकवत होते, म्हणून माइकची वायर धरून मागे उभी होते. जो उठेल तो बदल्याची भाषा बोलत होता. बाबा उठले तेव्हा कुजबुज झाली, कारण आता अहिंसेचं प्रवचन येणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं.

बाबा म्हणाले, "ज्यांनी हे केलं त्यांना शोधून धरलं पाहिजे. बॉम्ब घेऊन कोणी निघाला असेल आणि पोलिसाला गोळी घालण्यावाचून इलाज नसेल, तर मी पोलिसाचा हात धरणार नाही. मी स्वतः बंदूक उचलणार नाही, ते माझं व्रत आहे. पण माझ्या व्रतापायी दुसऱ्याच्या पोराने मरावं असं मी म्हणणार नाही. मात्र एकदा धरला, बेड्या पडल्या, की त्याला मारायचं नाही. कोर्ट आहे, तुरुंग आहे."

टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला कळेना. तेवढ्यात पुढे बसलेल्या काकी उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर मिठागरांकडचं, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं.

"भाऊ, आनि फाशी?"

मी मनात म्हटलं, बाबा, आता गप्प बसा. मान हलवा, खोकला काढा, काहीही करा.

बाबा म्हणाले, "फाशी मी मागणार नाही. जन्मभर आत ठेवा म्हणेन. बांधलेल्या माणसाला मारणं मला मान्य नाही."

काकींनी पदर खोचला. "माझा पोर बांधलेला व्हता काय? जवर तुमच्या तोंडातून फाशी निघत नाय, तवर माझ्या दारात यायचं नाय. माझ्याशी बोलायचं नाय." आणि त्या निघून गेल्या.

घरी आल्यावर मी बाबांवर तुटून पडले. एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं? तिचं पोर गेलंय, तिला तत्त्वं कसली ऐकवता? बाबा म्हणाले, "तिने मला विचारलं. तिचं पोर गेलं असताना मी तिला खोटं सांगू?" मी भांडी आपटली.

त्याच आठवड्यात पक्षाचे वडीलधारे जीप करून आले. त्यांना फाशीचं वाक्य पसंत होतं, गोळीचं नव्हतं. "भाऊ, पोलिसाच्या गोळीला मान्यता म्हणजे हिंसेला मान्यता. ते वाक्य मागे घ्या." बाबांनी विचारलं, "बॉम्बवाल्यापुढे मी आडवा झालो असतो तर तो थांबला असता का?" त्यावर एकजण तत्त्वाच्या शुद्धतेबद्दल बराच वेळ बोलला. मी चहा देताना म्हटलं, "काका, शेजारच्या बागेत जाऊन हे त्या काकींना एकदा समजावून सांगता का? मी येते बरोबर." कोणी उठलं नाही. चहा मात्र सगळ्यांनी संपवला. बाबांनी अध्यक्षपदाचा राजीनामा तोंडीच देऊन टाकला आणि त्यांना जीपपर्यंत पोचवून आले.

म्हणजे एकीकडे पक्षाच्या लेखी ते हिंसक झाले, दुसरीकडे गावाच्या लेखी नेभळट. पण खरी कसोटी अजून यायची होती.

आमच्या नाक्यावर पत्र्याच्या शेडमध्ये एक बेकरी होती. लाकडावर पेटणारी भट्टी, आणि तिचे मालक म्हणजे आमचे चाचा. माझ्या लहानपणापासून ते गावात होते. त्यांची मुलं आमच्याच शाळेत शिकली. स्फोटांनंतर पोलिसांनी ठिकठिकाणी माणसं बोलावून चौकशी केली, त्यात चाचांनाही चौकीत नेलं आणि दुपारी सोडून दिलं. सोडलं हे कोणी लक्षात घेतलं नाही. उगाच बोलावतात का, एवढंच गावभर फिरलं.

एका सकाळी आमच्याकडे गावच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष आला. तरणा, नम्र, बाबांच्या पाया पडणारा. याच्या वडिलांनी बाबांच्या शेजारी लाठ्या खाल्ल्या होत्या. तो खुशीत होता.

"भाऊ, पोरं बेकरी जाळायला निघाली होती. मी थांबवली. म्हटलं, आपल्या गावात भाऊंची पद्धत आहे. बोलणं बंद, देणंघेणं बंद, अंगाला हात लावायचा नाही. आजपासून चाचाचा पाव कोणी घ्यायचा नाही. महिन्याभरात जाईल निघून."

आणि तो शाबासकीची वाट पाहत उभा राहिला.  बाबांनी झोपाळ्याची कडी धरली आणि ते खाली बसले.

"याने काय केलं?" त्यांनी विचारलं.

"याने नाही, पण यांच्यातल्यांनी..."

"पाणी विकणाऱ्याने विकणं थांबवलं आणि तो सुटला. हा काय थांबवेल, म्हणजे तुम्ही याच्याशी पुन्हा बोलाल?"

तो गडबडला. "तसं काही नाही, भाऊ."

"मग याला सुटायला वाट कुठली? वाट नसलेला बहिष्कार म्हणजे निव्वळ मारहाण आहे. तुम्ही हात लावत नाही, एवढंच."

आता पोरगा तापला. "म्हणजे भाऊ, पोलिसाची गोळी चालते आणि आमचा बहिष्कार चालत नाही?"

"हो," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कापडी पिशवी घेऊन नाक्यावर गेले, मीही मागे गेले. समोरच्या ओट्यावर मंडळाची पोरं बसली होती. आदल्या दिवशीच्या पावाच्या लाद्या फळीवर तशाच पडून होत्या. चाचा घाबरले. "भाऊ, तुम्ही नका येत जाऊ. खालीफुकट तुमचं नाव खराब होईल. मी तुळिंजला भावाकडे जातो. भट्टी काय, बंद करायला वेळ लागत नाही." त्यांचे हात पिठाने पांढरे होते. बाबा म्हणाले, "आधी एक लादी द्या. ताजी."

त्यानंतर आमच्या घरात पावाचं राज्य सुरू झालं. सकाळी चहात पाव, दुपारी कालवणात पाव, मधल्या वेळी पावाचा उपमा. आई वैतागून म्हणायची, "अहिंसा तुमची आणि पोट बिघडतंय माझं." पण बाबा एका लादीऐवजी दोन लाद्या आणायला लागले तेव्हा पिशवी मोठी शिवून तिनेच दिली. आमच्या कुंपणाच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने लिहिलं, 'अतिरेक्यांचा सरपंच'. बाबा म्हणाले पुसू नकोस. मी पुसलं नाही. शाळेतून खडू आणला आणि खाली ठळक लिहिलं, 'आणि त्याची मुलगी'. त्यावरून मुख्याध्यापकांनी मला बोलावून समज दिली, ती मी नीट ऐकून घेतली आणि विसरून गेले.

पण दोन लाद्यांवर भट्टी चालत नाही. लाकूड संपत आलं, मैद्याची पोती येईनाशी झाली. चाचांच्या बायकोने सामान बांधायला काढलं. बाबा रोज जात होते आणि रोज हरत होते, हे आम्हां दोघांनाही कळत होतं.

मंडळाला मात्र एवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी काकींच्या मुलाचा फोटो मोठा करून बॅनर बनवला आणि बरोबर बेकरीसमोर दोन खांबांना बांधला. त्याच्याखाली गावाने पाव न घेण्याची शपथ घ्यायची आणि काकींनी खुर्चीवर बसायचं, असं ठरलं. त्या सकाळी बाबा नेहमीसारखे पिशवी घेऊन काउंटरजवळ उभे होते. समोर गर्दी, फोटोला हार. मला इतकी भीती क्वचित वाटली असेल. बाबांवर कोणी हात टाकला तर ते उलटून हात उचलणार नाहीत हे मला माहीत होतं आणि मी उचलीन हेही माहीत होतं.

काकी आल्या त्या बागेतूनच. पायाला चिखल, हातात केळीची पानं कापायचा कोयता. अध्यक्षाने खुर्ची पुढे केली. "काकी, बसा. हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय."

"माझ्यासाठी?" काकींनी त्याच्याकडे पाहिलं. "पोर गेल्यापासून माझी बाग सुकते हाय. कोन आला पानी लावाया? लोंगर गळून पडले, कोन आला उचलाया? माझ्यासाठी म्हनं!"

त्यांनी कोयत्याने बॅनरची एका बाजूची दोरी कापली, मग दुसऱ्या बाजूची. हार काढून खुर्चीवर ठेवला. पोराचा चेहरा आतल्या बाजूला येईल अशी बॅनरची गुंडाळी केली, काखेत मारली आणि रस्ता ओलांडून काउंटरवर आल्या.

"चाचा, एक लादी द्या."

मग माझ्या वडिलांकडे वळल्या. बाबांच्या तोंडून काहीतरी निघणार होतं.

"तुमच्याशी मी बोलनार नाय," काकी म्हणाल्या. "ते फाशीचं तसंच हाय."

बहिष्कार एका दिवसात मोडला असं सांगायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. आधी बायका यायला लागल्या, मग पुरुष, आणि मंडळाची पोरं सगळ्यात शेवटी. चाचांच्या बायकोने बांधलेलं सामान पुन्हा सोडलं. पुढच्या निवडणुकीत बाबा सपाटून पडले. मंडळाचा अध्यक्ष निवडून आला आणि तोही सकाळी पाव न्यायला चाचांकडेच यायचा.

काकींनी शब्द पाळला. पुढची कितीतरी वर्षं त्या आणि बाबा सकाळी त्याच काउंटरवर शेजारी शेजारी उभे राहत, पण त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. बाबांनी त्यांची बाग शिंपायला माणूस पाठवला तर त्यांनी तो परत पाठवला. मी शेवटी चिडून बाबांना म्हटलं, चाचांच्या बहिष्कारावर एवढं बोललात, मग काकींना का नाही काही सांगत? हीसुद्धा मारहाणच झाली की.

बाबा पिशवीत लादी नीट बसवत होते. "छे," ते म्हणाले. "तिने मला वाट ठेवली आहे. एक शब्द बोललो की मी सुटलो. तो मी बोलणार नाही, आणि हे तिलाही माहीत आहे."