जरीत भरलेली सेटिंग्ज

स्फाक्स शहरातल्या आमच्या गल्लीत संगणकाने जरा तोंड वाकडं केलं की लोक त्याच्या आतली, सेटिंग्ज लक्षात ठेवणारी छोटी बॅटरी काढतात, एक कॉफी पितात आणि बॅटरी परत बसवतात. निम्मी दुखणी त्याने बरी होतात. उरलेली निम्मी त्यानेच होतात आणि लल्ला वसीलाकडे येतात. (आमच्याकडे आदराने बाईला लल्ला म्हणतात, पुरुषाला सी.) जुने संगणक दुरुस्त करणारी गल्लीत ती एकटीच. माझं मोबाइलचं दुकान तिच्या भिंतीला लागून, त्यामुळे तिची भाषणं मला फुकट ऐकू येतात.

परवा भरतकामवाले सी शाद्ली आपल्या जुन्या संगणकाचं पिवळं पडलेलं खोकं छातीशी धरून तिच्याकडे आले. कीबोर्ड चालेना म्हणून त्यांनी रिवाजाप्रमाणे बॅटरी काढली होती. आता यंत्र म्हणत होतं, माझ्यात डिस्कच नाही. त्या डिस्कवर त्यांच्या आईने काढलेले सगळे नमुने होते, दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यातलीच जाईची वेल पुतणीच्या लग्नाच्या पोशाखावर भरायची होती, आणि लग्न शुक्रवारी.

"गेले ना नमुने?" शाद्लींनी विचारलं.

"नमुने जागेवर आहेत. आपल्या पोटात डिस्क आहे एवढंच ते विसरलंय," वसीला म्हणाली. "आणि कीबोर्डची वायर सैल होती, सी शाद्ली. तेवढ्यासाठी बिचाऱ्याची आठवण पुसलीत."

"कॉफी तरी चांगली होती का?" मी तिच्या दारातून विचारलं.

"तू कव्हरं विक," ती म्हणाली.

तिने सेटिंग्जचं पान उघडून यंत्राला डिस्क शोधायला लावली. सापडली, पानावर तिचे आकडेही उमटले. पण त्यापुढे गाडी सरकेना. शाद्ली बाहीचा धागा उसवायला लागले.

"मेहुणा म्हणतो, फॉरमॅट मारून टाका."

"मेहुण्याला लग्नाला बोलवा, माझ्या दुकानात नको. ही डिस्क वाचायच्या तीन पद्धती आहेत. ज्या पद्धतीने लिहिली, तिनेच वाचायची. आपण वर काही लिहीत नाही, तोवर चुकलो तरी बिघडत नाही."

यंत्राने स्वतः निवडलेली पद्धत चुकली होती. दुसरीही चुकली. शाद्लींची बाही कोपरापर्यंत उसवत आली. वसीलाने तिसरी लावली, बटण दाबलं आणि शांतपणे चष्मा पुसत बसली. पडद्यावर एकेक रेघ उमटत जाईची वेल वर चढली.

"आता ते सेटिंग्जचं पान उतरवून ठेवा," ती म्हणाली. "कागदावर नको. तुमच्याकडे कागद कात्रीखाली जातो."

पोशाख वेळेत गेला. लग्नानंतर आम्ही दोघं शाद्लींच्या दुकानात डोकावलो. संगणकावर मखमली आच्छादन, त्यावर सोनेरी जरीत डिस्कचे आकडे, वाचायची पद्धत, कडेने जाईची वेल आणि खाली ठळक अक्षरांत: बॅटरीला हात लावू नये.

वसीलाने ते सावकाश वाचलं.

"आधी कीबोर्डची वायर बघावी, हे राहिलं."

शाद्लींनी सुईत जर ओवली.