बाणाच्या टोकांवरचं कुंकू

आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते, आणि सांगताना मला संकोच वाटत नाही. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर, चौथीपर्यंत शिकलेले. आई शाळेत गेलीच नाही. आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर झाशीत आले आणि इथलेच होऊन गेले. दतिया गेटजवळच्या आमच्या दोन खोल्यांत मराठी चालायची, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि भाजीवालीशी भांडायचं तर बुंदेली.

बी.ए.ला माझा विषय प्राचीन इतिहास होता. त्याच जोरावर मला नोकरी लागली. समथरच्या बाजूला एका टेकाडावर उत्खनन चालू होतं आणि त्याची कचेरी प्रेम नगरात एका भाड्याच्या घरात होती. हिवाळ्यात खोदकाम, पावसाळ्यात सापडलेल्या वस्तूंच्या नोंदी. माझी जागा हंगामी होती. दर वर्षी नवं पत्र यायचं, आणि ते येईपर्यंत आई रोज विचारायची, "आलं का गं?"

धातूच्या बारीक वस्तू माझ्याकडे होत्या. लोकांना वाटतं, जमीन खणली की सोन्याचे हंडे निघतात. आमच्याकडे निघायचे ते खिळे, मोडकी अंगठी, मासे धरायचा गळ, डोळ्यांत सुरमा घालायची तांब्याची सळई. सगळं मातीने माखलेलं आणि बोटाच्या पेराएवढं. प्रत्येक वस्तूचं एक कागदी पाकीट. त्यावर खड्ड्याचा क्रमांक, मातीचा कितवा थर, किती खोल. मग सोनाराच्या काट्यावर वजन करायचं, चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने हुबेहूब त्याच मापाचं चित्र काढायचं, आणि नोंदवहीत शेवटचा रकाना भरायचा : रंग व अवस्था.

पहिल्या महिन्यात मी तीन खिळ्यांना सळया लिहून मोकळी झाले होते. आमचे साहेब दुसऱ्या प्रांतातले, मितभाषी, कपडे नेहमी खडूसारखे पांढरे. त्यांनी तिन्ही खिळे माझ्यासमोर मांडले आणि म्हणाले, "पहले देखिए। नाम बाद में दीजिए।" सळईची दोन्ही टोकं गुळगुळीत असतात, खिळ्याचं एक टोक ठोकून चपटं झालेलं असतं. हे मला पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. दोन वर्षांत माझ्या नोंदीत चूक काढणं त्यांनाही जड जाऊ लागलं. त्या वर्षी त्यांनी माझी जागा कायम करावी म्हणून शिफारस लिहायला घेतली. कागद तयार होता, सही व्हायची होती.

तेवढ्यात नवरात्र आलं.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा चुकत नसे. पाटावर पूर्वजांची गंजकी तलवार, तिच्या शेजारी वडिलांचे पाने आणि कानशी, आईची विळी, माझं पेन. सगळ्यांना ओलं कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. ज्यावर पोट चालतं त्याला हात जोडायचे, एवढाच अर्थ आम्हाला ठाऊक होता.

त्या वर्षी मला वाटलं, कचेरीतही पूजा करावी. साहेब सुट्टीवर गावी गेले होते. मागे मी आणि चौकीदार. चौकीदार साठीला आलेला, जवळच्याच खेड्यातला, मला "बिन्नू" म्हणायचा. त्यांच्याकडे बहिणीला, लेकीला असंच म्हणतात. त्याने कुदळी, खुरपी धुऊन आणल्या. मी ब्रश, टेप, वजनाचा काटा मांडला. घरून कुंकवाचा करंडा आणलाच होता.

"हतियार तो एकऊ नइयां," चौकीदार म्हणाला. "जे तो खेती को सामान आय।"

यात हत्यार एकही नाही, हे त्याचं म्हणणं मला पटलं. आणि हत्यारं तर होती की. कपाटात सात बाणांची टोकं होती, तांब्याची, एकाच खड्ड्यात एकाच थरात सापडलेली. त्या वर्षीची आमची सगळ्यात चांगली वस्तू. किल्ली माझ्याच कमरेला होती. मी ती सातही टोकं कापसासकट ताटलीत काढली आणि पाटावर मधोमध ठेवली. प्रत्येकाच्या मध्यावर उजव्या हाताच्या अनामिकेने कुंकवाचा एकेक टिळा लावला. नारळ फोडला, खोबरं वाटलं. मला फार बरं वाटलं होतं. हजारो वर्षांनी त्या बाणांना कुणीतरी शस्त्र म्हणून हात जोडले, असं काहीबाही मनात आलं. बी.ए. झालेल्या माणसाच्या मनात असलं लवकर येतं.

दसऱ्याला मी ती टोकं कोरड्या फडक्याने पुसून पाकिटांत घातली. कुंकू गेलं असं मला वाटलं.

साहेब परतले ते कामाच्या घाईत. अहवालाचा मसुदा पुढच्या सोमवारी वरच्या कचेरीला जायचा होता. त्यांनी बाणांची पाकिटं मागवली, आणि एकेक टोक भिंगाखाली फिरवून पाहिलं. मग मला बोलावलं.

"इसमें लाल रंग दिख रहा है?"

मी भिंगातून पाहिलं. हिरव्या गंजाच्या बारीक खळग्यांत लाल कण अडकून बसले होते.

"आपके रजिस्टर में इसका ज़िक्र नहीं है," ते म्हणाले. "सातों पर है। और देखिए, सातों पर एक ही जगह। यह संयोग नहीं हो सकता।"

योगायोग नव्हताच. माझं बोट होतं.

त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. गेरू असावा, म्हणाले. पुरण्याआधी लावला असावा. हे शिकारीचे बाण नाहीत, कुठल्या तरी विधीचे आहेत. आणि मग, जराशा नाराजीने, "आपसे यह छूट गया? आपसे?"

खरं सांगायची वेळ तीच होती. पण माझ्या तोंडून निघालं, "जी सर, छूट गया।"

त्यांनी नोंदवही पुढे सरकवली. माझ्या त्या नीट, खाडाखोड नसलेल्या वहीत, रंगाच्या रकान्यात, सात वेळा मी माझ्या हाताने लिहिलं : मध्यभागी लाल रंगाचे अंश. टेबलावर पलीकडे शिफारशीचा कागद दिसत होता.

बाहेर आले तर चौकीदार दारातच उभा.

"का भओ?"

मी सांगितलं. त्याने डोकं खाजवलं. "तो रहन दो लाल। कौन पूछ रओ? जिनके बान हते बे तो मर गए।"

"अहवाल छापला जाईल, भैया. मुलं तो वाचून शिकतील. मी तसंच वाचून शिकले."

"और तुमाई नौकरी?"



चार दिवस मी ते ओझं घेऊन हिंडले. साहेबांनी दीड पानाचा मजकूर लिहून काढला. तो टंकलेखन करून द्यायचं काम माझ्याचकडे आलं. तांबडा रंग, समान स्थान, विधीची शक्यता. वाक्यं सुंदर होती. प्रत्येक ओळीला मी यंत्रावर चुकत होते आणि प्रत्येक वेळी नवा कागद घालत होते. चूक आता माझी एकटीची राहिली नव्हती. एका जाणत्या माणसाच्या नावावर ती छापली जाणार होती आणि दुसरा कुणीतरी त्यावर आणखी दीड पान लिहिणार होता.

शुक्रवारी संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं : "दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू ती, विचारून तरी हात लावायचास."

"कुणाला विचारून?"

"तुझ्या साहेबांना. आणि आता काय, सांगायचं."

"विश्वास बसायचा नाही त्यांचा. त्यांना तो गेरूच वाटतोय. वाटेल, मी मुद्दाम काहीतरी बोलतेय. आणि विश्वास बसला तर घरी बसवतील."

आईने तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. "गेरू म्हणजे माती. लिंबू पिळलं तरी ती लालच राहते. आपलं कुंकू काय मातीचं आहे? मी हळदीचं करते ते, चुन्याची निवळी घालून. त्यावर लिंबू पडलं की पुन्हा पिवळं होतं. दर वर्षी पदर खराब होतो माझा, तुला दिसत नाही?"

मला खरंच दिसलं नव्हतं. पदवी घेताना रसायनशास्त्र मी घेतलं नव्हतं. ते घरात होतं. विकतचं कुंकू असतं तर कदाचित त्यात भलताच रंग निघाला असता आणि मला काहीच दाखवता आलं नसतं. वडील आतून म्हणाले, "दोन लिंबं ने. एकावर भरवसा ठेवू नये." ते कारखान्यात असेच दोन-दोन पाने घेऊन जात.

शनिवारी सकाळी मी साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले. पिशवीत दोन लिंबं, थोडा कापूस. टंकलेखन केलेली पानं मी त्यांच्यासमोर ठेवली नाहीत, हातातच धरली.

"सर, वह गेरू नहीं है। कुंकू है। हमारे घर का। मैंने लगाया है।"

मग मी सगळं सांगितलं : नवमी, पाट, कपाटाची किल्ली. चौकीदाराचा उल्लेख मी गाळला. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "किस उँगली से?" मी अनामिका दाखवली. त्यांनी बाणाचं टोक उचललं, माझ्या बोटाकडे पाहिलं, पुन्हा टोकाकडे पाहिलं.

"यह आप साबित कर सकती हैं?"

मी लिंबू काढलं. ते एकदम खुर्चीतून उठले. "इस पर नहीं।"

"नहीं सर, रुई पर।"

तेवढं मला कळत होतं. ओल्या कापसाच्या टोकाने मी एका खळग्यातले लाल कण अलगद टिपून घेतले. कापूस गुलाबी झाला. दुसऱ्या कापसावर साहेबांनी स्वतः कपाटातल्या डबीतला खरा गेरू घासला. दोन्ही बशीत ठेवून मी लिंबू पिळलं. गेरू होता तसाच राहिला. आमचा कापूस बघता बघता पिवळा झाला, वरणासारखा.

सातही टोकांची आम्ही तशीच तपासणी केली. सात पिवळे कापूस. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"अच्छा पैराग्राफ था," ते म्हणाले.

"जी सर. बहुत अच्छा था।"

त्यांच्या ओठाची एक कड हलली. मग त्यांनी पानं माझ्या हातातून घेतली, त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली आणि विचारलं, "चार दिन पहले क्यों नहीं बोलीं?"

"नौकरी के डर से।"

"और आज डर नहीं है?"

"है।"

त्यांनी नोंदवही उघडायला सांगितली. रबर नाही, ब्लेडने खरवडणं नाही. चुकीच्या ओळीवर एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरं काय ते, तारीख आणि सही. सात वेळा. खाली एक टीप : सदर वस्तूंना कचेरीत पूजेच्या वेळी माझ्या हातून कुंकू लागले, ते कापसाने टिपून काढले आहे. माझी सुंदर वही कायमची खराब झाली आणि लिहिता लिहिता माझा श्वास मोकळा होत गेला. शेवटच्या सहीला अक्षर पूर्वीसारखं सरळ आलं.

माझ्या सहीखाली साहेबांनी सही केली. त्याच पेनाने, टोपण न लावता, पलीकडचा शिफारशीचा कागद ओढला आणि त्यावरही केली.

"सोमवार की डाक में रिपोर्ट और यह, दोनों जाएँगे," ते म्हणाले. "और अगली नवमी को अलमारी की चाबी मेरे पास रहेगी।"

मी मान हलवली आणि बशी उचलून बाहेर आले.

चौकीदार ओट्यावर बसला होता, तोंड उतरलेलं. "हमाओ नाम तो नईं लओ?"

"नईं."

"खोपरो तो हमनें सोई खाओ हतो," तो म्हणाला. खोबरं त्यानेही खाल्लं होतं, हे खरंच. मग बशीतल्या पिवळ्या कापसांकडे पाहून, "जे का आय?"

"आईची विद्या," मी म्हटलं, आणि हसायलाच लागले. हसू थांबेना. तोही हसू लागला, कशाला ते कळल्याशिवाय. दुसरं लिंबू शिल्लक होतं. त्याचं त्याने सरबत केलं, साहेबांनाही नेऊन दिलं. साहेबांनी ग्लास रिकामा परत पाठवला.

कायमपदाचं पत्र थंडीत आलं. अहवाल छापून यायला आणखी बराच काळ गेला. त्याची एक प्रत मी घरी नेली. वडिलांनी हात धुतले, चटईवर बसले आणि म्हणाले, "तुझं काम कुठलं ते वाच."

मी पान काढून मराठीत अर्थ करत वाचलं : बाणाची टोकं, सात, तांबं, एकाच थरातली, हिरवा गंज, इतर काही विशेष नाही.

"एवढंच?" वडील म्हणाले.

"एवढंच," मी म्हटलं.