बाबांच्या वर्षश्राद्धाचे पाहुणे

एप्रिलमधला पहिला शनिवार, दुपारचे दोन. फिनिक्समधल्या एका मेडिकल कॉलेजच्या सभागृहात आम्ही तिघं बसलो होतो: आई, मी आणि माझी कॉलेजात शिकणारी मुलगी. आईच्या पर्समध्ये एक पाकीट होतं, त्यात शंभराची नोट आणि एक डॉलरचं नाणं. खुर्चीखाली रव्याच्या लाडवांचा डबा.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. देहदानाचे कागद त्यांनी स्वतःच भरून ठेवले होते. "कारखान्यात मशीन बंद पडलं की आम्ही उघडून बघायचो," ते म्हणाले होते, "मग डॉक्टरांनी का बघू नये?" आईने विरोध केला नाही. तिने एवढंच विचारलं, "परत कधी देतात?" मी वाचून सांगितलं, काम झालं की रक्षा घरी पाठवतात, दोन वर्षंही लागू शकतात. तेव्हा ती हो म्हणाली.

बाबा गेले त्याच संध्याकाळी कॉलेजची गाडी फिनिक्सजवळच्या चँडलरमधल्या आमच्या घरी आली. ती निघाली तेव्हा आई दारात उभी होती. "सिग्नलला कुठे वळले?" तिने विचारलं. मी पाहिलं नव्हतं. तेराव्याला गुरुजींनी अस्थींचं विचारलं, तर आई म्हणाली, "त्या कॉलेजात आहेत." त्यानंतर फ्रीवेवरून ती इमारत दिसली की ती बोलायची थांबते आणि मान वळवून बघत राहते.

विद्यार्थी दरवर्षी देहदात्यांच्या घरच्यांना बोलावून एक कार्यक्रम करतात. त्याचं निमंत्रण आलं ते वर्षश्राद्धाच्या सुमारास.

"गुरुजींना कॅन्सल कर," आई म्हणाली. "ह्यांना शेवटचा हात त्या मुलांनी लावलाय. मी त्यांनाच खाऊ घालणार."

"अगं, कोणाकडे कोण होतं ते सांगत नाहीत."

"नको सांगू देत. मला त्यांचे हात बघायचेत."

दारातल्या बाईंनी नम्रपणे सांगितलं, घरचं खाणं इथे ठेवता येणार नाही. म्हणून डबा खुर्चीखाली गेला. मुलं एकेक करून बोलली, कुणी चेलो वाजवला. आईला इतकं भरभर इंग्रजी कळत नाही. माइक धरणारा प्रत्येक हात मात्र ती पुढे वाकून बघत होती. मलाही एक विचारायचं होतं. शेवटच्या आठवड्यात बाबांची नखं मी कापली होती. ती कुणाच्या लक्षात आली असतील का? विचारलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर आईने पार्किंगमध्ये, झाडाखाली, गाडीच्या डिकीवर डबा उघडला.

"आजी, धिस इज अ पार्किंग लॉट!"

"मग? सावली आहे ना? बोलाव त्यांना."

माझ्या मुलीने लाजत लाजत, जाणाऱ्या मुलांना हाक मारली. पाच-सहा जण आले. एकाने दोन लाडू खाल्ले आणि तिसऱ्याकडे बघत राहिला. आईने तो त्याच्या हातावर ठेवलाच. मग तिने एका उंच मुलीकडे बोट केलं. "हिला विचार, हिच्याकडचे उंच होते का? उजव्या गुडघ्यावर टाक्यांची खूण होती का?"

"आजी, नो. आय कान्ट आस्क दॅट."

"काय म्हणतायत त्या?" त्या मुलीनेच इंग्रजीत विचारलं. माझ्या मुलीने खाली बघत सांगितलं.

तिने लाडू बाजूला ठेवला, हात पुसले. "आमच्या टेबलावर एक बाई होत्या. आय ॲम सो सॉरी."

आईने माझ्या मुलीकडून ते मराठीत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बाई खोलीत एकट्याच होत्या का?"

नाही, सगळी टेबलं एकाच खोलीत असतात, ती उंच मुलगी म्हणाली.

"म्हणजे येता-जाता ही ह्यांना बघत असेल."

ते इंग्रजीत ऐकून तिने मान डोलावली. सकाळी आत जाताना आम्ही काही जण सगळ्यांनाच गुड मॉर्निंग म्हणायचो, असं ती म्हणाली. माझ्या मुलीने ते मराठीत सांगितलं, तर आईने पुन्हा सांगायला लावलं.

आईने पाकीट पुढे केलं. पैसे घेता येणार नाहीत, ती मुलगी म्हणाली.

"दक्षिणेला नाही म्हणत नाहीत, सांग तिला."

त्या उंच मुलीने पाकिटात पाहिलं, नुसतं नाणं काढलं आणि पाकीट परत दिलं. नाण्यावर मिटलेली तिची मूठ आईने दोन्ही हातांत धरली. अंगठ्याने तिची बोटं एकेक करून चाचपली. मुलीने हात सोडवून घेतला नाही. ऊन झाडाखालून सरकून आमच्यावर आलं तरी त्या दोघी तशाच उभ्या होत्या.

रक्षा अजून आलेली नाही. शंभराची नोट आईने त्या दिवसासाठी ठेवली आहे. वर्षश्राद्धाला प्रत्यक्ष दिली गेली ती एवढीच दक्षिणा: एक डॉलर, एका उंच मुलीला. तिचं नाव आम्ही विचारलं नाही.