पाव मापाची तोफ

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधी मी संस्थानी फौजेच्या तोफखान्यात नाईक होतो. पोस्टिंग जालन्याच्या छावणीत. गाव परतूर. घरी सुतारकी, त्यामुळे बॅटरीत, म्हणजे आमच्या तोफांच्या तुकडीत, लाकडाचं काम निघालं की मलाच हाक यायची.

ऑफिससमोर एक जुनी पितळी तोफ उभी असे. नळीला तडा गेल्यानं ती डागता येत नव्हती. दिवाळीनंतर सुभेदारसाहेबांनी मला आणि लान्स नाईक रहीमला तिथं उभं केलं. रहीम अंबडच्या लोहाराचा मुलगा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो होतो.

"हिचं पाव मापाचं मॉडेल पाहिजे, गाड्यासकट. दिखाव्याचं नाही, डागता आलं पाहिजे. महिन्यानं मोठे साहेब येतायत."

"जी साहेब."

सकाळी साडेपाचला पीटी, मग ड्रिल. दुपारी दोन ते दिवस मावळेपर्यंत वर्कशॉप. रहीमनं पितळ ओतून नळी केली आणि लेथवर तिला इंचभर रुंद भोक पाडलं. मी सागाचा गाडा केला, चाकांचे मधले तुंबे बाभळीचे. चाकांवर लोखंडी धाव आम्ही दोघांनी मिळून चढवली. बैलगाडीला चढवतात तशीच, तापवून. फक्त ताटलीएवढ्या चाकावर. पहिल्या चाकाचे दोन आरे मोडले. मी वैतागलो.

"लहान बैल आनावे लागतील आता," रहीम म्हणाला, आणि हसत भाता ओढत बसला.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला परेड ग्राउंडवर तोफ लावली. तीन बार काढायचे होते. नळीत काळ्या दारूची कापडी पिशवी सरकवायची, गजानं ठासायची, मागच्या छिद्राला बत्ती द्यायची. प्रत्येक बारानंतर काठीला बांधलेला ओला बोळा नळीतून दोनदा फिरवायचा, कारण कापडाची जळती चिंधी आत राहू शकते. बोळा माझ्याकडे, ठासणं रहीमकडे. मोठ्या तोफेला बाजूला उभं राहून ठासता येतं. हिच्यापुढं वाकावं लागायचं.

दोन बार ठीक झाले. मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि घड्याळ पाहिलं. त्यांची मोटार चालूच होती.

"तिसरा राउंड. जल्दी!" आमचे कॅप्टनसाहेब म्हणाले.

मी बोळा एकदा फिरवला.

रहीमनं माझ्याकडं पाहिलं. "एकदाच?"

"बास. भर तू."

त्यानं पिशवी सरकवली आणि गज लावला. बत्ती अजून दूर होती. बार झाला. गज त्याच्या बरगडीखालून आत गेला. मी त्याला धरलं. तो काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता, पण मला काही कळलं नाही. छावणीच्या इस्पितळात पोचेपर्यंत तो गेला होता.

पाचव्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसलं. आत जाण्याआधी कॅप्टनसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"सांग, रहीमनंच घाई केली. तो आता नाही. तुझी सगळी नोकरी पुढं आहे."

मी आत गेलो, सॅल्यूट केला.

"बोळा किती वेळा फिरवला?"

"एकदा."

"हुकूम किती वेळा फिरवायचा आहे?"

"दोनदा. रहीमनं विचारलं होतं. मीच भर म्हणालो."

माझी फीत काढली. नाईकाचा शिपाई झालो. 'जल्दी' हा शब्द मी जबानीत सांगितला होता, रिपोर्टात तो आला नाही. मात्र रहीमची चूक नव्हती एवढं त्यात लिहिलं गेलं, आणि त्याच्या बायकोला पेन्शन बसली.

रजा मिळाली तेव्हा अंबडला गेलो. त्याचे वडील भट्टीजवळ बसले होते. मला ओळखून त्यांनी पाट पुढं केला. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, बोळ्याचंही. त्यांनी मधे अडवलं नाही. मग चिमट्यानं निखारे सारखे केले.

"नळी फुटली का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई चाचा. नळीला ओरखडासुद्धा न्हाई."

"बराबर ओतली होती मंग त्यानं."

"बिलकुल बराबर ओतली होती."

त्यांनी मान हलवली. मग तोंडावर पंचा घेतला, आणि मी तिथंच, भट्टीशेजारी मातीत बसलो.